फॉस्फेट शून्य : घरातल्या प्रवाळ टाकीचं पहिलं वर्ष

आमच्या दिवाणखान्यातली टाकी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. काठोकाठ भरली तर ८५० लिटर. खालच्या कपाटातला संप (पाणी गाळायची जोडटाकी) धरून आणि खडक-वाळूने अडवलेली जागा सोडून प्रत्यक्ष खारं पाणी साधारण ९०० लिटर. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती भरली, मार्च २०२३ मध्ये जवळजवळ हातची गेली आणि ऑगस्टपर्यंत सावरली. या सगळ्या काळाची नोंदवही माझ्याकडे आहे. मी पुण्यात पिण्याच्या पाण्याच्या तपासणी प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे रोजचा आकडा रोज लिहायची सवय हाताला आहे.

टाकी बिघडली तेव्हा पाणी माझ्या प्रयोगशाळेच्या कुठल्याही निकषावर उत्तम होतं. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. हे दोन शून्य वहीत लिहिताना मला समाधान वाटत होतं आणि तिथेच घात झाला. कोरड्या, निर्जीव खडकावर मोठी टाकी उभी करणाऱ्या बऱ्याच जणांना चौथ्या-पाचव्या महिन्यात हेच सोसावं लागतं आणि त्यातले काही जण तिथेच टाकी विकायला काढतात. म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून मांडते आहे.

जागा आणि वजन

डोक्यात आधी आठ फुटांची टाकी होती. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, इमारत पंचवीस वर्षांची. काचवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं, ही या सगळ्या प्रकरणात मी केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. त्यांनी सोसायटीकडून जुने नकाशे मागवले, खालच्या घरात जाऊन छताखालच्या तुळया पाहिल्या आणि मग कागदावर बेरीज मांडली. सहा फुटांच्या टाकीचं पाणी ८०० किलो, १५ मिलिमीटरची काच आणि १९ मिलिमीटरचा तळ मिळून १८५, खडक ५५, वाळू ४०, लोखंडी स्टँड ९०, भरलेला संप १७०. एकूण साडेतेराशे किलोच्या आसपास, आणि तेही जेमतेम दीड चौरस मीटर जागेवर. राहत्या खोलीसाठी आपल्याकडची मानक संहिता, आयएस ८७५, दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन भार धरते. म्हणजे सुमारे २०० किलो.

आकडे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. ते म्हणाले, “मॅडम, तो भार पूर्ण खोलीभर पसरलेला धरतात. पूर्ण खोलीचा हिशेब केला तर तुमची टाकी बसते. पण ती स्लॅबच्या मधोमध ठेवायची नाही. बाहेरच्या भिंतीला लावून, खालची तुळई धरून, एक टोक कॉलमजवळ. आणि आठ फूट विसरा.” स्टँडला चार पाय नकोत, खाली पूर्ण लांबीच्या दोन आडव्या पट्ट्या हव्यात म्हणजे वजन चार टोकांत टोचत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. टाकी जागेवर आल्यावर पाणसळ लावली तर डावी बाजू ४ मिलिमीटर खाली निघाली. फरशीला बाल्कनीकडे ढाळ होता. पॅकिंग स्टँडच्या खाली दिलं, काचेखाली मुळीच नाही. काचेखाली दिलेली पट्टी म्हणजे पुढे-मागे तळ तडकायला दिलेलं आमंत्रण. मग नळाच्या साध्या पाण्याने तीन दिवस भरून ठेवली. खालच्या मजल्यावरचे काका रोज संध्याकाळी चक्कर मारून आपलं छत आणि आमची टाकी दोन्ही बघून जात. तिसऱ्या दिवशी त्यांनी “चालू द्या” म्हटलं, तेव्हा मी पाणी काढलं.

पाणी

“अलिबागहून पिंपं भरून का आणत नाहीस?” हे मला निदान दहा जणांनी विचारलं. कोकण किनाऱ्याचं पाणी पावसाळ्यात गोडं आणि गढूळ होतं, मुंबईच्या जवळपास सांडपाणी, आणि ९०० लिटर आणायचं म्हणजे प्रत्येक वेळी टेम्पो. त्यापेक्षा शुद्ध केलेल्या नळाच्या पाण्यात मीठ मिसळणं बरं. इथे मीठ म्हणजे स्वयंपाकाचं नव्हे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट समुद्राच्या प्रमाणात असलेलं तयार मिश्रण. ३५ क्षारतेसाठी (हजार भागांत ३५ भाग क्षार, समुद्राइतकी) लिटरला साधारण ३८ ग्रॅम लागलं. पहिल्या भरणीला ३४ किलो मीठ संपलं.

शुद्धीकरणाला स्वयंपाकघरातला आरओ चालत नाही, कारण त्यात चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम परत सोडतात. मेम्ब्रेनच्या पुढे रेझिनचा टप्पा असलेला आरओ-डीआय संच वेगळा घ्यावा लागतो, ज्याच्या तोटीला टीडीएस मीटर शून्य दाखवतं. आमचा ७५ जीपीडीचा, म्हणजे कागदावर दिवसाला २८० लिटर. प्रत्यक्षात २०० च्या आत-बाहेर. वाया जाणारं पाणी याच्या तिप्पट निघतं. ते फरशी, बाथरूम आणि सोसायटीच्या झाडांना जातं. भरणी पाच दिवसांची, आणि मधे गुरुवार आला. पुण्यात राहणाऱ्याला गुरुवार म्हणजे काय ते सांगायला नको. पाणी बंद, बऱ्याचदा वीजही बंद. तेव्हापासून खाऱ्या पाण्याचं एक २०० लिटरचं पिंप आणि गोड्या डीआय पाण्याचं एक, अशी दोन बुधवारी रात्री भरलेलीच असतात.

कुठला खडक, कुठलं प्रवाळ

यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ या निर्णयात आहे.

प्रवाळ टाकीची जुनी, खात्रीची पद्धत अशी की समुद्रातून काढलेला जिवंत खडक आणायचा. लाईव्ह रॉक. त्याच्या छिद्राछिद्रांत जिवाणू, किडे, शैवालं, स्पंज आधीच वस्तीला असतात; टाकी पहिल्या आठवड्यापासून अर्धी समुद्र असते. बाजारात मला असा खडक दाखवला गेला. “तमिळनाडूचा माल आहे,” असं सांगितलं. तो हातात घेतल्यावर मेलेल्या प्रवाळाच्या ताऱ्यासारख्या खाचा स्पष्ट दिसत होत्या.

आपल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ज्या यादीत वाघ आहे त्याच यादीत, खडक रचणारी सगळी कठीण प्रवाळं २००१ पासून आहेत. काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल, सी फॅनही आहेत. सगळे समुद्रघोडे आहेत. वाळू साफ करायला अनेक जण हौसेने मागतात ती सागरी काकडीसुद्धा आहे. पकडलं गेलं तर शिक्षा तीन ते सात वर्षं. दुकानात उघड विकायला ठेवलं आहे म्हणजे ते चालतं, असा समज करून घेऊ नये. शिवाय साइट्स करारातल्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परदेशी प्रजाती जिवंत बाळगायच्या तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यांची नोंदणी करावी लागते.

पण माझ्यासाठी कायद्याआधी आणखी एक गोष्ट होती. सासूबाई मालवणच्या. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहे हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. ती जागा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक हे पाण्याखालचं प्रवाळाचं पठार आहे. मुंबईत सागरी किनारा रस्त्याच्या कामात आलेल्या १८ प्रवाळ-वसाहती २०२० मध्ये खडकासकट उचलून दुसरीकडे नेऊन लावल्या गेल्या. किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यात तग धरून राहिलेल्या हाताएवढ्या वसाहतींसाठी एवढी खटपट होत असताना मी तोच जीव दिवाणखान्यासाठी किलोवर विकत घ्यावा, हे मला पटण्यासारखं नव्हतं.

म्हणून ठरवलं : समुद्रातून काढलेलं काहीही नको. कारखान्यात भाजून केलेला सच्छिद्र सिरॅमिक खडक ५५ किलो. अरागोनाइटची, म्हणजे चुन्याच्या खनिजाची वाळू. कठीण प्रवाळ एकही नाही. मश्रूम, झोअँथिड आणि लेदर ही मऊ मंडळी, तीही दुसऱ्या छंदकर्त्यांच्या टाकीत वाढलेल्यांची कापं. मासे शक्यतो हॅचरीतले. क्लाऊनफिशची पैदास आता आपल्याकडे नीट होते. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र बसवलं आहे, आणि आपल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभिवंत सागरी माशांची हॅचरी आहे.

हा निर्णय मी आजही बदलणार नाही. पण त्याची किंमत काय, हे मला तेव्हा समजलं नव्हतं. भट्टीतून आलेला खडक म्हणजे रिकामी चाळ. खोल्या भरपूर, भाडेकरू एक नाही. त्यात कोण आधी बिऱ्हाड करणार यावर सगळं अवलंबून असतं.

पहिले चार महिने

टाकीत मासा सोडण्याआधी अमोनिया खाणारे जिवाणू वाढवावे लागतात. अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर (लिटरला २ मिलिग्रॅम) नेला, बाटलीतले जिवाणू सोडले आणि वाट पाहिली. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत नाहीसा व्हायला लागायला ३८ दिवस गेले. मग मोठा पाणीबदल केला, नायट्रेट उतरवलं आणि वेगळ्या टाकीत ४५ दिवस ठेवलेली क्लाऊनफिशची जोडी फेब्रुवारीत आत आली. गोगलगायी १५. मश्रूमच्या पाच चकत्या, झोअँथिडचे तीन तुकडे.

आता माझी त्या वेळची दिनचर्या बघा. स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) चोवीस तास. संपमध्ये लोहयुक्त फॉस्फेट-शोषक माध्यम पहिल्या दिवसापासून, पाकिटावर लिहिलं होतं त्याहून थोडं जास्तच. दर रविवारी १५ टक्के पाणीबदल. ९०० लिटरमध्ये बोटाएवढे दोन मासे, आणि त्यांना दिवसातून एकदा चिमूटभर खाद्य, तेही दोन मिनिटांत संपेल इतकंच. दिवे दहा तास पूर्ण जोरात, कारण चांगले दिवे घेतले होते आणि ते वापरावेसे वाटत होते.

फेब्रुवारीच्या शेवटी वहीत ओळ आहे : नायट्रेट ०, फॉस्फेट ०.००. खाली दोनदा रेघ मारलेली. पाणी इतकं नितळ की मागच्या भिंतीवरचा रंगाचा ओघळही टाकीतून दिसायचा.

मार्च

१८ मार्चला वाळूवर तपकिरी साय धरली. नव्या टाकीत असं होतं, हे डायटम (सिलिकाचं कवच असलेली सूक्ष्म शैवालं) असतील, महिनाभरात जातील, असं समजून मी नळीने ओढून घेतली. दोन दिवसांत परत आली. आता ती नुसती धूळ नव्हती. खडकाच्या टोकांवरून बोटभर लांबीचे तार लोंबत होते, आणि प्रत्येक ताराच्या टोकाला हवेचा एक बुडबुडा. बोटाने हलवलं तर तार तुटत नव्हते, चिकट ताणत होते. गोगलगायी काच सोडून वाळूत पाठीवर पडायला लागल्या. सरळ करून ठेवल्या तरी तासाभराने परत पाठीवर. महिनाअखेर १५ पैकी ११ गेल्या. मश्रूमच्या चकत्या आक्रसून बटणाएवढ्या झाल्या.

मी काय केलं? जे मला येत होतं ते. पाणीबदल आठवड्यातून दोनदा केला. फॉस्फेट-शोषक बदलून ताजा घातला. डीआय रेझिन संपून सिलिकेट येत असेल म्हणून तेही बदललं. मग टाकीला काळं कापड गुंडाळून तीन दिवस पूर्ण अंधार केला. कापड काढलं तेव्हा वाळू पांढरीशुभ्र होती. चौथ्या दिवशी सगळं परत आलं, आधीपेक्षा दाट.

पहिला खरा धागा आईंमुळे, म्हणजे सासूबाईंमुळे हाती लागला. त्या पहाटे पाचला उठतात आणि चहा घेऊन टाकीसमोर बसतात. मी सकाळी घाईत निघते, रात्री परत येते. मला टाकी कायम घाणच दिसत होती. एकदा त्या म्हणाल्या, “सकाळी बघलंय तेव्हा वाळू सफेत होती गो. दुपारी नुसतो शेंबूड.” मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाचला उठले. खरंच. वाळू जवळजवळ स्वच्छ. साडेनऊला दिवे लागले, अकराला तपकिरी छटा, दोनला तार आणि बुडबुडे. डायटम रात्री उठून जात नाहीत. जे रात्री जागा सोडतं, ते पोहतं.

त्या दुपारी पिपेटने नमुना घेतला. छोट्या बाटलीत जोरजोराने हलवला, फिल्टर पेपरमधून गाळला आणि गाळलेलं पाणी खिडकीत उजेडात ठेवलं. तासाभरात त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात पुन्हा तंतू जमले. मग प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पटींवर पाहिलं. थेंबाच्या आकाराच्या, एका बाजूला निमुळत्या, तपकिरी पेशी. आणि प्रत्येक पेशी आपल्या टोकाभोवती गोल फिरत होती, खुंटीला बांधलेलं वासरू फिरतं तशी. ही चाल ऑस्ट्रिऑप्सिसची. डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे पोहणारा एकपेशी जीव; थोडक्यात ‘डायनो’.

हे नाव मला छंदातून आधी माहीत नव्हतं, पाण्याच्या कामातून माहीत होतं. २००५ मध्ये इटलीतल्या जेनोवाच्या किनाऱ्यावर याच्या बहरामुळे सुमारे दोनशे जणांना ताप, खोकला आणि श्वासाचा त्रास झाला होता. हा जीव पॅलिटॉक्सिनच्या जातीची विषं करतो. गोगलगायी कशाने मेल्या ते समजलं. तेच पॅलिटॉक्सिन काही झोअँथिड प्रवाळांतही असतं. म्हणून टाकीत हात घालताना हातमोजे, कापं करताना डोळ्यांना चष्मा, आणि झोअँथिड चिकटलेला खडक कधीही, कोणत्याही कारणाने उकळायचा नाही. त्या वाफेने घरातली माणसं दवाखान्यात गेल्याच्या घटना जगात झाल्या आहेत. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर हे आधी सांगून ठेवा.

नेमकं काय घडलं होतं

समुद्रातल्या प्रवाळ भागातलं पाणी तपासलं तर विरघळलेलं नायट्रेट-फॉस्फेट अगदी थोडं सापडतं. यावरून “प्रवाळाला रिकामं पाणी लागतं” असा अर्थ मी काढला होता. पण तिथे आकडा लहान असतो तो अन्न नाही म्हणून नव्हे. दर लाटेबरोबर प्लवक येतं, हजारो मासे खातात आणि विष्ठा टाकतात, आणि आलेलं सगळं क्षणात उचललं जातं. शिल्लक लहान, उलाढाल प्रचंड. माझ्या टाकीत शिल्लकही शून्य आणि उलाढालही शून्य. दोन मासे आणि चिमूटभर खाद्य.

अशा पाण्यात हिरवं शैवाल वाढत नाही, डायटम वाढत नाहीत, खडकावर जिवाणूंचा धड थर बसत नाही. मश्रूम आणि झोअँथिडच्या पेशींत राहून त्यांना अन्न पुरवणाऱ्या झूझँथेला या सूक्ष्म शैवालांनाही नायट्रोजन-फॉस्फरस लागतं, ते उपाशी. डायनो मात्र प्रकाशावर जगतात आणि जोडीला जिवाणूही गिळतात. सगळ्यांचं दुकान बंद असताना त्यांचं चालू राहतं. त्या रिकाम्या चाळीत खोल्या त्यांनी घेतल्या. मी दर पाणीबदलाने त्यांचे उरलेसुरले शेजारीही बाहेर काढत होते.

सावरणं

३ एप्रिलला फॉस्फेट-शोषकाची पिशवी काढून सिंकमध्ये टाकली. पाणीबदल बंद. स्किमर फक्त रात्री. खाद्य तिप्पट. नवऱ्याला हे चमत्कारिक वाटलं : “टाकी घाण झाली आहे आणि तू त्यात आणखी खायला घालते आहेस?” त्याला वही दाखवली. जे करून बघितलं होतं त्याचा परिणाम तारखेवार समोर होता.

नुसत्या खाद्याने आकडे हलेनात, म्हणून क्षार मोजून घालायला सुरुवात केली. ९०० लिटरमध्ये नायट्रेट ५ पीपीएमने वाढवायला शुद्ध सोडियम नायट्रेट ६.२ ग्रॅम. हे सोपं. फॉस्फेट ०.०५ ने वाढवायला पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट फक्त ६४ मिलिग्रॅम, चिमटीतही धरता येणार नाही इतकं. म्हणून ६.४ ग्रॅम एक लिटर डीआय पाण्यात विरघळवून ठेवलं आणि त्यातले १० मिलिलिटर सिरिंजने घालत गेले. संध्याकाळी फॉस्फेट ०.०६ यायचं, सकाळी ०.०१. कोरा खडक ते शोषून घेत होता. बावीस दिवस रोज घातलं तेव्हा कुठे सकाळचा आकडा ०.०५ वर टिकला. या बावीस दिवसांत टाकी दिसायला सर्वांत वाईट होती, आणि इथेच धीर सुटतो.

ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगायला निघतो, म्हणून त्याला यूव्ही दिव्याने गाठता येतं. ५५ वॉटचा यूव्ही बसवला, पण संपमध्ये नाही. थेट टाकीतून पाणी ओढून टाकीतच परत, ताशी दीड हजार लिटर. पहिल्याच आठवड्यात दुपारचे तार निम्मे झाले. सगळ्या डायनोंना हा उपाय लागू पडत नाही. काही जाती रात्रीही वाळूतच राहतात, त्यांच्यावर यूव्ही वाया जातो. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय यूव्हीवर पैसे घालू नयेत. शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा सूक्ष्मदर्शकही पुरतो.

आणि तिसरी गोष्ट, जी मला आता सर्वांत महत्त्वाची वाटते : भाडेकरू आणणं. ठाण्यातल्या एका छंदकर्त्याची सहा वर्षांची टाकी आहे. त्यांनी आपल्या संपमधले कृत्रिम खडकाचे मूठभर तुकडे आणि वाटीभर वाळू दिली, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, थर्माकोलच्या खोक्यात. एप्रिलच्या उन्हात ते खोकं मांडीवर घेऊन मी पुण्याला आले. रात्री टॉर्चने पाहिलं तर त्या तुकड्यांवरून टाचणीच्या डोक्याएवढे कोपेपॉड (कोळंबीच्या कुळातले बारीक जीव) धावत होते. महिन्याभराने ते समोरच्या काचेवरही दिसू लागले.

मे महिना वेगळ्या कारणाने कठीण गेला. बाहेर ३९-४० अंश, टाकी २६ वर ठेवायची. अर्ध्या अश्वशक्तीचा चिलर दिवसाला आठ तास चालायचा आणि आपली उष्णता दिवाणखान्यातच सोडायचा. शेवटी त्याचा गरम वारा बाल्कनीत काढला. दिवे, पंप, वेव्हमेकर (टाकीतलं पाणी खेळतं ठेवणारा पंप), स्किमर, चिलर मिळून उन्हाळ्यात दिवसाला साडेअकरा युनिट, यूव्हीचं सव्वा युनिट वेगळं. बिलाचा स्लॅब बदलतो, हे घरात आधी बोलून घ्यावं. वीज गेली तर मासे गरमीने मरण्याआधी प्राणवायूवाचून मरतात, म्हणून इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर, चिलर नाही.

९ जूनच्या नोंदीत लिहिलं आहे : उजवीकडच्या खडकावर हिरवी लव. मी मुलाला हाक मारून ते दाखवलं. बाकीचे लोक ज्या शैवालाला वैतागतात ते बघून मला केवढा आनंद झाला. हिरवं येतं आहे म्हणजे तपकिरीची जागा जाते आहे. जुलैत नव्या गोगलगायी आल्या आणि जगल्या. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात संपमधलं पाणी टाकीत परत आणणाऱ्या पाइपवर नखाएवढा गुलाबी-जांभळा ठिपका दिसला. कोरलाइन शैवाल. हे चुन्याचं कवच करणारं शैवाल एकदा पसरायला लागलं की खडकावर इतरांना सहज जागा मिळत नाही.

आत्ताची स्थिती

नायट्रेट ६ ते १०, फॉस्फेट ०.०४ ते ०.०८ यांच्यात राखते. शून्याकडे घसरलं तर खाद्य वाढवते. पाणीबदल पंधरा दिवसांतून एकदा, १० टक्के. दिवे आठ तास. मासे आता नऊ आहेत.

क्षारीयता ८ डीकेएचवर (हे तिचं एकक) ठेवायला चुन्याची निवळी वापरते. शाळेत जिच्यात फुंकर मारली की ती दुधाळ होते, तीच. रोज बारा लिटर पाणी वाफ होऊन जातं, ते डीआय पाण्याने भरावंच लागतं. त्याच पाण्यात खाद्य प्रतीचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड लिटरला दीड ग्रॅमच्या आत मिसळून, साका खाली बसला की वरची निवळी रात्री थेंब-थेंब सोडते. माझ्या टाकीला रोज तीन-चार लिटर निवळी पुरते, बाकी साधं पाणी. पानाचा चुना यात घालू नये, त्यात काय काय मिसळलेलं असतं याचा भरवसा नाही. आणि फ्लोट व्हॉल्व्हवर विसंबून पिंपभर निवळी जोडून ठेवू नये. व्हॉल्व्ह अडकला तर साडेबारा पीएचचं पाणी एका रात्रीत टाकीत रिकामं होतं. मी एका वेळी चारच लिटर भरते.

यूव्ही नोव्हेंबरमध्ये बंद केला. मार्चमध्ये बटणाएवढ्या झालेल्या मश्रूमच्या पाच चकत्यांच्या आता एकवीस आहेत, सर्वांत मोठी तळहाताएवढी. आई पहाटे टाकीसमोर बसतात आणि मला जाताना वाळूचा रंग सांगतात, ती त्यांची सवय राहिली आहे. महिन्यातून एकदा मी वाळूवरचा नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघते. डायटम असतात, हिरवे धागे असतात, सरपटणारे किडे असतात. आणि आठ-दहा थेंब पाहिले की एखादी थेंबाच्या आकाराची तपकिरी पेशी असतेच, आपल्या टोकाभोवती गोल फिरत.